कांद्याची टरफलं आणि पांढरी लोकर

नांदगाव तालुक्यात मेंढ्यांची कातरणी झाली की लोकरीचं करायचं काय, हा प्रश्न दरवेळी उभा राहतो. कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, ही मेंढपाळांची तक्रार जुनी आहे आणि खोटी नाही. दख्खनी मेंढी वर्षाकाठी किलोभरही लोकर देत नाही, आणि देते ती जाडीभरडी. पूर्वी सणगरांच्या मागावर तिचं घोंगडं होई. गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली आणि माग थंडावले.

तरी या लोकरीला गिऱ्हाईक नाही असं नाही. शहरातल्या प्रदर्शनांत हातानं रंगवलेली आसनं, जाजमं, पिशव्या लोक आवडीनं घेतात. जाड लोकर तिथं उणी ठरत नाही; मऊ शालीचा हट्ट मात्र धरू नये.

सुरुवात कातरणीपासूनच करायला हवी. काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही, पांढरीवर खुलतो. पण दोन्ही एकाच पोत्यात कोंबली की संपलं! पांढरी वेगळी ठेवा, काटेकुटे वेचा, कोमट पाण्यात रिठ्यानं न चोळता धुवा. चोळली किंवा गरम पाण्यातून एकदम गारात टाकली तर ती आवळून नमदा होते.

रंग तर कांद्याच्या चाळीतच पडलाय. शंभर ग्रॅम सुताला दहा-पंधरा ग्रॅम तुरटी लावायची आणि सुताच्या वजनाइतकी टरफलं तासभर उकळून गाळायची. त्या पाण्यात सूत मंद आचेवर तासभर ठेवलं की पिवळा ते तांबूस रंग चढतो. डाळिंबाच्या सालीचा पिवळा निघतो; त्यात लोखंडाचा अंश गेला की काळपट छटा येते. एका वस्तूचं सगळं सूत एकाच भांड्यात रंगवा. दुसऱ्या घाण्याचा रंग तंतोतंत जुळत नाही. रंग उन्हात किती टिकतो, ते विक्रीआधी घरीच पाहा.

किंमत ठरवताना सरपण, तुरटी, विणकराची मजुरी, प्रवासखर्च आणि घरच्या बाईमाणसाचे दिवसही धरा. ते सोडले तर नफा कागदावरच राहतो.

बचत गटांसाठी मुंबईत ग्रामविकास खात्याचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं. मेंढी-शेळी विकासासाठी राज्याचं महामंडळही आहे. पण वाडा चाऱ्यामागं रानोमाळ असताना चावडीवरची नोटीस मेंढपाळानं वाचायची कधी? ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी प्रदर्शनाची खबर दोन-तीन महिने आधी वाड्यावर पोचवावी आणि गटाचा अर्ज भरून घ्यावा. माल तयार व्हायला तेवढे दिवस लागतातच. आयत्या वेळी कळवलेली योजना ही न कळवल्यासारखीच!