सह्याद्रींतील डोह

आश्विन सरतांच घाटांतील धुकें विरळ होऊं लागतें, गढूळ ओढे निवळतात आणि घरोघरीं सहलीचे बेत सुरू होतात. डोंगरांतील एखाद्या डोहांत पोहण्याचा हट्ट मुलें अशा वेळीं धरतातच. तो अवाजवी आहे असें आमचें मत नाहीं. मोकळ्या आकाशाखालीं वाहत्या पाण्यांत पोहण्याचा उल्हास फरशीच्या तलावांत मिळत नाहीं. परंतु डोह पावसाळ्यांत दुरून पाहावा आणि त्यांत उतरावें तें पाऊस सरल्यावर, हा भेद घरांतील वडील माणसांनीं कटाक्षानें पाळला पाहिजे.

३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यानजीक भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत मुलेंहि होतीं. तीं माणसें कोठें खोल पाण्यांत पोहत नव्हतीं, प्रवाहांत उभीं होतीं. असें कां घडतें? सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर बसून झालेला आहे. त्यांत पाणी चटकन जिरत नाहीं, आणि उतार तर उभे. त्यामुळें माथ्यावर सर कोसळली कीं तिचें पाणी थोड्याच वेळांत ओढ्यांत उतरतें. आपल्या डोक्यावर त्या वेळीं ऊनहि असूं शकेल. पाणी एकाएकीं गढूळलें, काटक्या व पालापाचोळा वाहत येऊं लागला, किंवा ओघाचा आवाज वाढला, तर सामानसुमान तेथेंच टाकून आधीं उंच जागा गांठावी.

सर्व डोह एका जातीचे नसतात. रायगड जिल्ह्यांत भिरा गांवापासून रानवाटेनें गेल्यावर देवकुंड लागतें. कड्यावरून पडणाऱ्या धारेनें तें कोरलेलें आहे. पाण्याचा रंग मोह पाडणारा. परंतु धार पडते तेथें पाण्यांत हवा मिसळून फेस होतो, आणि तें पाणी हलकें असल्यामुळें शरीर नीट तरंगत नाहीं. पट्टीचा पोहणाराहि तेथें खालीं ओढला जातो. पावसाळ्यांत तेथें जाण्यास सरकारी बंदी घालण्यांत येते.

पारनेर तालुक्यांतील निघोजचे रांजणखळगे याहून निराळे. घाटमाथ्यावरून येणाऱ्या कुकडी नदीच्या भोवऱ्यांत सांपडलेले गोटे वर्षानुवर्षें फिरून त्यांनीं खडकांत हे रांजण घडविले. निसर्गाचें तें कौतुक डोळे भरून पाहावें. पण त्यांत उतरण्याचा विचारहि करूं नये. गुळगुळीत उभ्या कडांवर हात कोठें ठरत नाहीं. आंत पडलेल्यास वर येणें अति कठीण.

मुलांसाठीं डोह निवडावा तो रुंद, संथ आणि धारेपासून दूर. एका बाजूस कांठ उतरता असावा व तळ दिसत असावा. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पुढें ओढा आटून पाणी सांचून राहिलें असेल, तर त्यांत स्नान करूं नये. उतरण्यापूर्वीं गांवकऱ्यांस विचारावें. त्या डोहांत कोण केव्हां बुडालें, हें त्यांना ठाऊक असतें. काठीनें खोली पाहावी, बाहेर येण्याची वाट आधीं हेरावी, आणि वरून सूर मारूं नये. एक जाणतें माणूस दोर घेऊन कांठावर बसलेलें असावें. कोणी बुडूं लागल्यास त्यामागें उडी न टाकतां दोर, काठी, नाहींतर लुगडें फेंकावें. नाहींतर एकाचे दोन व्हावयाचे.

खरी तयारी मात्र सहलीच्या कितीतरी आधीं व्हावी लागते. पूर्वीं विहिरींत सुके भोपळे कमरेस बांधून मुलगे पोहावयास शिकत, आणि मुली मात्र बहुधा कांठावरच राहत. आज ठिकठिकाणीं तलाव झाले आहेत. तेव्हां पुढील सहलीचा बेत करण्यापूर्वीं घरांतील मुलगे, मुली आणि त्यांच्या आया, सर्वांनींच पोहावयास शिकावें. नदीचें पाणी मुलगा व मुलगी असा भेद करीत नाहीं.