रुवांडाची कॉफी आणि मालकीचा प्रश्न

कॉफीच्या व्यापारात नफा मिळविणारे पुष्कळ आहेत. झाड जोपासणारा मात्र त्या पंगतीत शेवटच्या पानावर बसतो. याचे कारण केवळ बाजारभावात शोधून भागणार नाही. पीक शेतातून निघाल्यावर त्यावर प्रक्रिया कोण करतो आणि त्यातून वाढलेले मूल्य कोणाच्या पदरात पडते, हा खरा प्रश्न आहे. पूर्व आफ्रिकेतील रुवांडा या चिमुकल्या देशाचा अनुभव त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३०नंतरच्या दशकात तेथील शेतकऱ्यांवर कॉफीची लागवड लादली. मळे उभे राहिले नाहीत. घरटी काहीशे झाडे, अशीच ही शेती राहिली. कॉफीचे फळ तोडल्यापासून काही तासांत त्याची साल काढावी लागते, नाही तर प्रत बिघडते. घरोघरी दगडाने साल काढून वाळविलेला दाणा हलका ठरे आणि दलाल तो पडेल भावाने उचलीत. १९८९ साली आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धती कोसळली, भाव गडगडले. त्यातच १९९४चा भीषण वंशसंहार झाला.

या राखेतून दक्षिणेकडील माराबा येथील शेतकऱ्यांनी १९९९ साली सहकारी संस्था उभी केली. वंशसंहारात पती गमावलेल्या अनेक स्त्रिया तिच्या सभासद होत्या. विद्यापीठीय तज्ज्ञांच्या व परदेशी मदतीच्या आधाराने २००१ साली तेथे धुलाई केंद्र सुरू झाले. पिकलेली फळे निवडणे, यंत्राने साल काढणे, दाणे आंबवून धुणे आणि उंच जाळीच्या मांडवांवर वाळविणे, एवढेच ते काम. पण त्यामुळे तोच दाणा उत्तम प्रतीचा ठरला आणि ब्रिटन-अमेरिकेतील खरेदीदार थेट संस्थेशी करार करू लागले. झाडे तीच, माणसे तीच; बदलली ती प्रक्रिया आणि तिची मालकी.

पुढे देशभर अशी केंद्रे शेकड्यांनी निघाली. परंतु त्यांतील पुष्कळशी खाजगी व्यापाऱ्यांची व निर्यातदारांची होती. २०१६ साली शासनाने विभागवार बंधन घातले : शेतकऱ्याने नेमून दिलेल्या केंद्रालाच फळ विकावे. केंद्रांना मालाची हमी मिळावी, हा हेतू सांगितला गेला. किमान भाव बांधलेला होता हे खरे. परंतु दुसरे गिऱ्हाईकच नसले की किमान भाव हाच कमाल भाव होऊन बसतो. २०२३ साली हे बंधन उठविण्यात आले. उसाच्या झोनबंदीविरुद्ध लढलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला यातील मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सहकारी पाटी लावल्याने सारे प्रश्न सुटतात, असेही नव्हे. फळाचे पैसे तोडणीच्या दिवशी द्यावे लागतात. निर्यातीचे पैसे काही महिन्यांनी हाती येतात. या मधल्या काळासाठी स्वस्त कर्ज नसेल, तर संस्था निर्यातदाराकडूनच उचल घेते आणि पाहता पाहता त्याची अडत्या बनते. अडलेला सभासदही मग रोख देणाऱ्या दलालाच्या दारी जातो. शिवाय दाणा भाजण्याचा आणि विकण्याचा किफायतशीर भाग बहुतांशी श्रीमंत देशांतच राहतो. गावचे केंद्र ही या साखळीतील पहिलीच कडी होय.

म्हणून काजू असो, हळद असो की कॉफी, गावात प्रक्रिया केंद्र निघाले एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. केंद्राची मालकी कोणाची, हंगामातील भांडवल कोणाचे आणि साध्या सभासदाला हिशेबाची वही उघडून पाहता येते की नाही, हे तीन प्रश्न कार्यकर्त्यांनी प्रत्येक ठिकाणी विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे शेतकऱ्याच्या बाजूची नसतील, तर यंत्र नवे येईल; पिळवणूक मात्र जुनीच राहील.