रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत तोडू नका

गटारी सरते, श्रावण लागतो आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एकाच दिवशी बाटली बंद होते. कुणी देवाची शपथ घेतो, कुणी तुळशीची माळ घालतो, कुणाला हाताशी आलेली पोरं दम देतात. घरातल्या बाईला वर्षभरात पहिल्यांदा जरा मोकळा श्वास मिळतो. तिला, तिच्या सासू-दिरांना, माळ घालणाऱ्या महाराजांना आणि गावच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज पितो, ज्याला सकाळी उठल्या उठल्या लागते, त्याची दारू डॉक्टरला न दाखवता एकदम बंद करू नका. त्यात त्याचा जीव जाऊ शकतो.

‘सोडा हो, सोडा’ म्हणत जिनं अर्धं आयुष्य काढलं, तिला हे ऐकून राग येईल, आणि तो राग रास्त आहे. दारू सुटलीच पाहिजे. प्रश्न ती कशी सोडवायची एवढाच आहे. दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर मिळायला लागली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्यांनी अचानक दोर सोडला की ओढणारे जसे धाडकन कोसळतात, तसं दारू तुटल्यावर त्या मेंदूचं होतं.

शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. चहाची बशी दोन्ही हातांनी धरली तरी चहा शर्टावर सांडतो. घाम फुटतो, उलट्या होतात, छाती धडधडते, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, आयुष्यात कधी न आलेल्या माणसालाही. पुढे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांचं भान सुटतं. वार कोणता ते सांगता येत नाही. स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी सोडा’ म्हणतात. अंथरुणावर मुंग्या दिसतात, उंदीर दिसतात, ते हातानं झटकत राहतात, चादर चिमटीत धरून ओढत राहतात. ताप चढतो. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेत दवाखान्यात पोचलेले बहुतेक जण यातून बरे होतात. घरात कोंडून ठेवलेल्यांचं सांगता येत नाही.

आणि नेमके हेच दोन-तीन दिवस आपण भलतीकडे घालवतो. फीट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. भास व्हायला लागले की ‘बाहेरचं आहे’ म्हणून देवऋषीकडे नेतात, अंगारा लावतात. माळ घातलेली असेल तर पाळण्यात काहीतरी चुकलं म्हणून देव कोपला, असंही बोललं जातं. कुणी कोपलेलं नसतं. फीट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, 108 ला फोन करा. भास, बडबड, ताप, हातांची जोराची थरथर यांतलं काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट पाहू नका.

दवाखान्यात गेल्यावर खरं सांगा, ही दुसरी विनंती. मोटरसायकलवरून पडून पाय मोडलेला माणूस भरती होतो. डॉक्टर विचारतात, ‘दारू घेतात का?’ शेजारी दीर उभा, सासरे उभे. बायको पदर सावरत म्हणते, ‘कधीतरी, लग्नाकार्यात.’ ऑपरेशन नीट होतं आणि तिसऱ्या दिवशी हा माणूस सलाईन उपटून टाकतो, नर्सच्या अंगावर धावतो, ‘पोलीस आलेत’ म्हणून खाटेखाली शिरतो. वॉर्डात सगळे म्हणतात, डोक्याला मार लागला असेल, वेड लागलं असेल. भरतीच्या वेळी किती पितो, कधीपासून, शेवटची कधी घेतली एवढं कळलं असतं, तर पहिल्याच दिवशी औषध सुरू झालं असतं. त्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही, चारचौघांत नवऱ्याची दारू काढणं सोपं नसतं. म्हणून डॉक्टरांनाही सांगणं आहे की हा प्रश्न नातेवाइकांच्या घोळक्यात विचारू नका. तिला बाजूला घेऊन विचारा.

खेड्यातल्या डॉक्टर मंडळींना आणखी एक गोष्ट. अशक्तपणा आलाय म्हणून रोज पिणाऱ्याला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावू नका. त्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, मुळात संपत आलेलं असतं. ते आधी किंवा सोबत न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांची बुबुळं थरथरतात, चाल लडखडते, गोंधळ उडतो, आणि वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

तिसरी विनंती सगळ्यांत कळकळीची. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंतींवर असतात, आता मोबाइलवरही असतात. त्या पुड्यांत काय असतं हे विकणारा सांगत नाही. डायसल्फिराम नावाची गोळी डॉक्टर देतात, पण रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करून. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती भरून येते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब एकदम खाली जातो, क्वचित माणूस दगावतो. गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. ज्याला आपण गोळी घेतली हेच माहीत नाही, तो गुत्त्यावर जाणारच. आणि भाजीत काहीतरी कालवलंय हे कळलं, की तो घरचं जेवणच सोडतो. ‘बायको विष घालते’ म्हणत गावभर फिरतो. तेव्हा भाजीत, चहात काहीही मिसळू नका.

हे वाचून कुणी ‘बघा, सोडणं धोक्याचं असतं’ म्हणत पुन्हा बाटली उघडू नये. अधूनमधून पिणाऱ्यानं आज, आत्ता सोडावी, त्याला यातलं सहसा काहीही होत नाही. ज्याला सकाळी लागते, जो वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, ज्याचे हात दारू मिळेपर्यंत थरथरतात, ज्याला आधी सोडताना फीट आली होती, त्यानं मात्र डॉक्टर गाठेपर्यंत प्रमाण उतरवत न्यावं आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. पाच ते दहा दिवस कमी कमी होत जाणाऱ्या गोळ्या, बी-1 आणि देखरेख एवढ्यावर बहुतेकांची सुटका होते. त्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. दारूबरोबर त्या श्वास थांबवू शकतात.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 माणसांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते. बाकीच्यांनी काय केलं असेल? शपथा घेतल्या, मोडल्या, मार खाल्ला, पुन्हा घेतल्या.

दारूबंदीसाठी झटणाऱ्या ताईंशीही बोलायचं आहे. मतदान घेऊन आडवी बाटली निवडून आणणं किती कठीण असतं, किती धमक्या पचवाव्या लागतात, हे या राज्याला ठाऊक आहे. पण दुकानाला कुलूप लागतं त्या रात्रीपासून गावातल्या रोज पिणाऱ्यांचे तास मोजायला लागतात. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे दारू मिळेना तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत माणसं सॅनिटायझर पिऊन मेली. म्हणून दुकान बंद होण्याआधी गावात उपचाराचं शिबिर मागा, ग्रामसभेच्या ठरावातच ते लिहून घ्या. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियान दारूबंदीच्या जोडीला गावोगावी अशी शिबिरं आणि तालुक्याला क्लिनिक चालवतं. इतर जिल्ह्यांनीही ते करावं.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी 14446 आहे. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हेच काम करत आलंय. खाजगी केंद्रात ठेवणार असाल तर आधी विचारा, इथे डॉक्टर रोज येतात का, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देता का. साखळीनं बांधणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बेकायदा आहे. जिथे मारहाण होते तिथे आपला माणूस ठेवू नका, मग तो किती का छळत असेना. बरा होऊन आल्यावर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा जवळ कुठे भरते ते शोधा, तिथे पैसे लागत नाहीत.

आणि महाराज, तुमच्या शब्दाला जो मान आहे तो कुठल्याच डॉक्टरला नाही. माळ घ्यायला माणूस समोर बसला की त्याला विचारा, ‘बाबा, सकाळी लागते का?’ हो म्हणाला तर त्याला आधी तपासून यायला सांगा, जमलं तर सोबत कुणी धाडा, आणि माळ आठ-दहा दिवसांनी घाला. ही चौकशी गटारीच्या आधी व्हायला हवी, म्हणजे आषाढातच.