प्रथमोपचार : मेहेरबानी नव्हे, हक्क

कामावर असलेला कामगार एकाएकी कोसळतो, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत त्याच्यापाशी डॉक्टर नसतो, परिचारिका नसते, मालक तर नसतोच. असतो तो शेजारच्या यंत्रावरचा सहकारी. कोसळलेल्याचे प्राण वाचणार की जाणार, याचा निर्णय बहुतांशी त्या सहकाऱ्याच्या हातांत असतो. अशा वेळी काय करावे हे त्या हातांना ठाऊक आहे की नाही, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा जितका आहे तितकाच कामगार चळवळीचाही आहे. परंतु वेतन, बोनस आणि कामगारकपात यांविरुद्धच्या रोजच्या झुंजीत तो सतत मागे पडत आला आहे.

प्रथम वस्तुस्थिती स्पष्ट असली पाहिजे. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणे. अशा वेळी छातीत दुखते, घाम फुटतो, परंतु रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि त्याचे हृदय चालू असते. हृदयक्रिया अकस्मात बंद पडणे ही याहून वेगळी अवस्था होय. तीत हृदयाच्या विद्युत्‌क्रियेतच बिघाड होतो, बहुतेक वेळा हृदय रक्त ढकलण्याऐवजी नुसते थरथरत राहते आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. झटक्यातून ही अवस्था उद्भवते, तशीच ती विजेच्या धक्क्यानेही उद्भवते. मदत मिळाली नाही तर दर मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते; चार-पाच मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होऊ लागते. औद्योगिक वसाहतीच्या फाटकातून आत येऊन खात्यापर्यंत पोचायला रुग्णवाहिकेला याहून अधिक वेळ लागतो, हे कोणाही कामगाराला सांगावे लागत नाही.

छातीवर दाब देऊन हृदयाचे काम चालू ठेवण्याच्या तंत्रामागे कामगारांच्या मृत्यूंचा इतिहास आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेत वीजवाहिन्यांवर काम करणारे लाइनमन मोठ्या संख्येने धक्क्याने मरत होते. त्यातून वीज कंपन्यांच्या पैशाने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधन सुरू झाले. विद्युत् अभियंता विल्यम कौवेनहोवन आणि त्यांचे सहकारी ज्यूड व निकरबॉकर यांनी 1960 साली दाखवून दिले की छाती न उघडता, केवळ दोन हातांच्या दाबाने रक्ताभिसरण चालू ठेवता येते. 1967 साली फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे विजेच्या खांबावर धक्का बसून उलट्या लोंबकळणाऱ्या लाइनमनला त्याच्या सहकाऱ्याने खांबावरच तोंडाने श्वास दिला. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गाजले आणि वाचलेला कामगार 2002 सालापर्यंत जगला. तेथे डॉक्टर नव्हता; शिकलेला सहकारी होता.

हे तंत्र शिकायला वर्षे लागत नाहीत. जागा सुरक्षित आहे ना हे आधी पाहायचे : विजेचा धक्का असेल तर प्रवाह तोडल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, वायूची गळती किंवा बंद टाकी असेल तर साधनांवाचून आत उतरायचे नाही, अन्यथा एकाऐवजी दोन बळी जातात. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर हृदय बंद पडले असे समजावे. मधूनमधून लागणारी घरघर म्हणजे श्वास नव्हे. एकाने 112 किंवा 108 ला कळवावे, दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला 100 ते 120 या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण नसेल तर नुसते दाब चालू ठेवावेत. दाब देणारा दोन मिनिटांत थकतो, म्हणून माणसे बदलावीत. हृदयाची लय तपासून धक्का देणारे स्वयंचलित यंत्र, म्हणजे एईडी, जवळ असेल तर ते ताबडतोब लावावे. काय करायचे हे ते यंत्रच बोलून सांगते.

याचा उपयोग किती, हे अमेरिकेतील जुगारघरांनी दाखवले आहे. तेथील पहारेकऱ्यांना हे यंत्र वापरायला शिकवले गेले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत धक्का मिळालेल्यांपैकी 74 टक्के वाचले. उशीर झाला तेथे प्रमाण 49 टक्क्यांवर आले. पैसे उधळणाऱ्या गिऱ्हाइकासाठी जे शक्य होते, ते संपत्ती निर्माण करणाऱ्या कामगारासाठी अशक्य का असावे?

आपल्या देशातील कायद्याने हा हक्क कागदावर पूर्वीच मान्य केला होता. 1948 च्या कारखाना कायद्याचे 45 वे कलम दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, ती सांभाळणारा प्रमाणपत्रधारक माणूस आणि 500 हून अधिक कामगार असतील तेथे रुग्णवाहिका खोली यांची सक्ती करीत होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. रुग्णवाहिका खोलीची तरतूद तीत राहिली. परंतु पेट्यांबाबत संहितेचे कलम त्या ‘पुरेशा’ असाव्यात एवढेच म्हणते आणि बाकी तपशील नियमांवर सोपवते. ‘पुरेशा’ म्हणजे किती, हे मालकाला ठरवू दिले तर उत्तर काय मिळेल, ते उघड आहे. शिवाय विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर नेल्यामुळे हजारो लहान कारखाने कारखान्यांसाठीच्या विशेष तरतुदींतून बाहेर पडले आहेत.

आणि कायदा होता तेव्हा तरी अंमल कसा होता? पेटी भिंतीवर, किल्ली सुपरवायझरच्या खिशात आणि आत मुदत संपलेले मलम, हे चित्र अनेक खात्यांत नवे नाही. रात्रपाळीला प्रशिक्षित माणूस नसतो. कंत्राटी कामगार, बांधकामावरचे मजूर, गोदामांतले हमाल आणि वीज मंडळांचे कंत्राटी वायरमन हे सर्वांत जास्त धोक्यात असतात आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचेच नाव नसते. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, हे ध्यानी घेतले की या वगळण्याचा अर्थ कळतो.

प्रशिक्षण आवश्यक आहे. परंतु ते मूळ रोगावर पांघरूण घालण्याचे साधन होता कामा नये. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे आठवड्याला 55 किंवा अधिक तास राबणाऱ्यांना हृदयरोगाने मृत्यू येण्याचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 17 टक्क्यांनी अधिक असतो. 2016 या एका वर्षात दीर्घ कामाच्या तासांमुळे झालेल्या हृदयरोग व पक्षाघाताच्या मृत्यूंचा अंदाज 7 लाख 45 हजार होता. असे असताना कर्नाटकाने 2023 साली आणि गुजरातने 2025 साली बारा तासांच्या दिवसाची वाट मोकळी केली, तर महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये त्याच दिशेने मंजुरी दिली. एका हाताने हृदयावर ओझे वाढवायचे आणि दुसऱ्या हाताने भिंतीवर पेटी टांगायची, याला आरोग्यधोरण म्हणत नाहीत.

एक भीती मात्र दूर केली पाहिजे. हात लावला आणि माणूस दगावला तर आपल्यावरच बालंट येईल, असे अनेकांना वाटते. सद्‌भावनेने, दुसऱ्याच्या हितासाठी केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या 30 व्या कलमाचे संरक्षण आहे. तथापि मोटार वाहन कायद्यात 2019 साली मदतनीसाला दिलेले स्पष्ट संरक्षण रस्ते-अपघातापुरतेच आहे. तसेच संरक्षण कामाच्या जागीही मिळावे, ही मागणी रास्त आहे.

तेव्हा कामगार संघटनांच्या मागणीपत्रात पुढील गोष्टी ठामपणे आल्या पाहिजेत : प्रत्येक पाळीत, प्रत्येक खात्यात प्रशिक्षित माणसे, प्रशिक्षण कामाच्या वेळात व पगारी, कंत्राटी कामगारांचा त्यात समान समावेश, मोठ्या कारखान्यांत, आगारांत आणि वीज केंद्रांत कुलुपाबाहेर ठेवलेले एईडी, राज्यांच्या नियमांत पेट्यांची निश्चित संख्या, आणि सुरक्षा समितीत कामगारांच्या खऱ्या प्रतिनिधींकडून दर तिमाहीला तपासणी.

परंतु मालक मान्य करीपर्यंत संघटनांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. रेल्वे आणि कोळसा खाणींत प्रथमोपचाराच्या स्पर्धांची जुनी परंपरा आहे. ती इतर उद्योगांत नेता येईल. संघटनेच्या कार्यालयात, वस्तीत, गेट-सभेनंतर अर्धा तास काढून हे शिकवता येईल, आणि ते घरातील स्त्रियांना व शाळकरी मुलांनाही शिकवले पाहिजे. सहकाऱ्याच्या हक्कासाठी संपात उतरणाऱ्या कामगाराला त्याच्या प्राणांसाठी गुडघे टेकून दोन्ही हात कामाला लावता आले पाहिजेत. एकजुटीचा याहून प्रत्यक्ष अर्थ दुसरा नाही.