अहिल्यानगरच्या संग्रहालयातले जुने रणगाडे पुन्हा धावू शकतील का?

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आलेल्या अनेकांच्या मनात हा प्रश्न येतो. लष्कराने १९९४ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, ब्रिटिश माटिल्डा, अमेरिकी बनावटीचा पॅटन आणि भारतात तयार झालेला विजयंता पाहायला मिळतो.

अडचण कुठे येते?

सुट्या भागांपाशी. हे भाग बनवणारे कारखाने कधीच थांबले. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या नटबोल्टचे आटे व्हिटवर्थ मापाचे असतात, त्यात आजचा मेट्रिक बोल्ट बसत नाही.

मग भाग कुठून आणतात?

मार्ग तीन. तशाच दुसऱ्या गाडीचा भाग काढायचा. जुना भाग मोजून नवा ओतायचा किंवा लेथवर घडवायचा. किंवा जुळणारा दुसराच भाग बसवायचा.

पण प्रत्येक मार्गाची किंमत आहे. पहिल्यात दुसरी गाडी अपुरी होते, उरलेल्या दोन्हींत मूळपण कमी होतं. १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला जर्मन टायगर १३१ इंग्लंडच्या बॉविंग्टन संग्रहालयात पुन्हा धावू लागला, पण दुसऱ्या जर्मन रणगाड्याचं इंजिन बसवून.

म्हणजे काय करावं?

प्रत्येक गाडी चालवायलाच हवी असं नाही. ज्या बनावटीच्या मोजक्याच गाड्या उरल्यात, तिचं पाणी आणि गंजापासून रक्षण हीच मोठी दुरुस्ती. चालवायचीच ठरली, तर काढलेला प्रत्येक भाग जपावा आणि नवा कोणता, याची नोंद ठेवावी. नाहीतर पुढच्या पिढीला खरं काय आणि बदललेलं काय, हे कळणारच नाही.