‘बाळ-बाळंतीण सुखरूप’च्या पलीकडची दुखापत

बाळंतपणानंतर नातेवाइकांना जो निरोप जातो, त्यात एक वाक्य ठरलेले असते : बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बहुतेक वेळा ते खरे असते. काही घरांत मात्र त्यातल्या ‘सुखरूप’चा अर्थ ‘जिवंत’ एवढाच असतो. आईला बसता येत नसते, शौच रोखता येत नसते किंवा डोळे मिटताच प्रसूतिगृहातले ते तास पुन्हा समोर उभे राहत असतात. हे कोणाला सांगायचे, हेच तिला ठाऊक नसते आणि तिला विचारणारेही कोणी नसते.

हा विषय अलीकडे जाहीर चर्चेत आला तो ब्रिटनमुळे. ऑक्टोबर २०२३मध्ये थिओ क्लार्क या खासदारांनी तिथल्या संसदेत स्वतःच्या बाळंतपणाची हकीकत सांगितली. चाळीस तासांच्या कळा, मलद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली जखम, मोठा रक्तस्राव आणि पूर्ण भूल न देता झालेली दोन तासांची शस्त्रक्रिया. त्यानंतर सर्वपक्षीय खासदारांच्या गटाने चौकशी केली. तेराशेहून अधिक महिलांनी आपले अनुभव लिहून पाठवले आणि मे २०२४मध्ये अहवाल आला. त्यातली सर्वांत ठळक तक्रार अशी होती की, काहीतरी बिनसले आहे असे बाई सांगत होती, पण तिचे ऐकले गेले नाही. कुणाची जखम लक्षातच आली नाही, तर कुणाला ‘बाळंतपणात असे होतेच’ म्हणून घरी पाठवले गेले.

सुसज्ज सार्वजनिक आरोग्यसेवेचा अभिमान बाळगणाऱ्या देशातली ही स्थिती आहे. म्हणूनच तो अहवाल भारतानेही वाचण्यासारखा आहे.

जखम किती खोल?

योनीमार्गे होणाऱ्या पहिल्या बाळंतपणात थोडेफार फाटणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत फक्त त्वचा फाटते. दुसरीत योनी आणि मलद्वार यांच्यामधले स्नायू फाटतात. तिसऱ्या पायरीत मलद्वार आवळून धरणाऱ्या गोल स्नायूला इजा होते आणि चौथीत ती गुदाशयाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचते. पहिल्या दोन पायऱ्यांच्या जखमा सहसा काही आठवड्यांत भरतात. खरी काळजी असते ती तिसऱ्या आणि चौथ्या पायरीची.

ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘रॉयल कॉलेज’च्या मार्गदर्शिकेनुसार, तिथे अशा गंभीर जखमांचे प्रमाण सुमारे २.९ टक्के आहे. पहिलटकरणींमध्ये ते ६.१ टक्क्यांपर्यंत जाते. बाळाचे वजन चार किलोंहून जास्त असणे, शेवटचा टप्पा लांबणे, बाळाचा खांदा अडकणे, फोर्सेप्सचा वापर ही धोका वाढवणारी कारणे आहेत. याच यादीत ‘आशियाई वंश’ हेही एक कारण आहे. ब्रिटनमधील आशियाई महिलांमध्ये धोका दुपटीहून जास्त आढळला. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी गरोदरपणातच डॉक्टरांशी याविषयी बोलून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

या जखमेचे पुढे काय होणार, हे बरेचसे बाळंतपणानंतरच्या पहिल्या तासात ठरते. बाळ हातात आल्यावर नीट उजेडात तपासणी करावी लागते. गुदद्वारात बोट घालून स्नायू शाबूत आहे का, हेही पाहावे लागते. ही तपासणी झाली नाही तर वरवर टाके पडतात आणि आतला फाटलेला स्नायू तसाच राहतो. स्नायू फाटल्याचे कळले तर शस्त्रक्रियागृहात, भूल देऊन, अनुभवी डॉक्टरांनी तो शिवायचा असतो. नंतर प्रतिजैविके आणि शौच मऊ ठेवणारी औषधे दिली जातात. वेळेत आणि नीट शिवलेल्या बायकांपैकी ६० ते ८० टक्के बायकांना वर्षभरानंतर कोणताही त्रास उरलेला नसतो. हा आकडा दिलासा देणारा आहे, पण तो जखम वेळेत ओळखली गेलेल्या बायकांचा आहे.

याहून भीषण इजा म्हणजे फिस्टुला. प्रसूती अडून राहिली आणि वेळेत सिझेरियन मिळाले नाही, की बाळाचे डोके आणि आईचे हाड यांमध्ये मूत्राशय तासन्‌तास चेपला जातो. तिथला भाग मरतो, भोक पडते आणि काही दिवसांनी लघवी सतत झिरपू लागते. आफ्रिका आणि आशियातील गरीब भागांत या दुखण्यामुळे आजही कित्येक बायका घरातून बाहेर काढल्या जातात. त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे आणि कुशल हातांनी ती केली तर बहुतेक भोके बुजतात. इजा लवकर ध्यानात आली तर लहानसे भोक काही वेळा नुसती लघवीची नळी काही आठवडे ठेवूनही बंद होते. थोडक्यात, इथेही वेळच महत्त्वाची.

शरीराचे वेळापत्रक

टाके विरघळले म्हणजे आई बरी झाली, असा समज घरोघरी असतो. त्वचा लवकर भरते, पण ताणल्या गेलेल्या नसा आणि स्नायूंना महिने लागतात. त्यामुळे उपचार टप्प्याटप्प्याने करावे लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत जखम स्वच्छ आणि कोरडी ठेवणे, वेदनाशामक औषधे नेमाने घेणे आणि कुंथावे लागू न देणे एवढे सांभाळावे लागते. आपल्याकडच्या काही चालीरीती इथे आड येतात. बाळंतिणीला पाणी बेताचे द्यायचे, पालेभाज्या आणि फळे वर्ज्य करायची, हा शिरस्ता अनेक घरांत आहे. त्याने बद्धकोष्ठ होते आणि ताण नेमका ताज्या टाक्यांवर येतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर द्यावी, पण सोबत भरपूर पाणी, भाज्या आणि फळेही हवीत.

सहा ते बारा आठवड्यांदरम्यान पुन्हा तपासणी व्हायला हवी. गंभीर जखम झालेल्या बाईला स्पष्ट विचारायला हवे : वायू किंवा शौच रोखता येते का? खोकताना, शिंकताना लघवी गळते का? ओटीपोटात जडपणा किंवा ‘अंग बाहेर आल्या’सारखे वाटते का? शरीरसंबंध ठेवताना दुखते का? गळतीवरचा पहिला उपचार महागडा नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यायचा. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी किमान आठदा आणि किमान तीन महिने. शिकून घेणे यासाठी महत्त्वाचे की, अनेक जणी नकळत पोट किंवा मांड्या आवळतात, श्वास रोखतात आणि ‘व्यायाम करूनही उपयोग झाला नाही’ म्हणून सोडून देतात.

व्यायामाने भागले नाही, तर स्नायूची सोनोग्राफी, दाबाची तपासणी आणि गरज पडल्यास पुन्हा शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. पुढच्या बाळंतपणात अशीच जखम पुन्हा होण्याचा धोका पाच ते सात टक्के इतका सांगितला जातो. म्हणजे बहुतेक जणींना तो होत नाही. मात्र तक्रारी टिकून असतील किंवा तपासणीत स्नायू कमकुवत दिसला, तर ठरवून सिझेरियन करण्याचा पर्याय डॉक्टरांशी चर्चा करून घेता येतो. सिझेरियनलाही स्वतःचे धोके आहेत. त्यामुळे निर्णय त्या बाईच्या स्थितीवर ठरायला हवा, घाबरून घेतलेला नको.

मनाचे टाके

अशा बाळंतपणानंतर मनावर होणारा परिणाम ‘बाळंतपणानंतरचे नैराश्य’ या एकाच खणात टाकला जातो. दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात, पण त्या वेगळ्या आहेत. नैराश्यात उदासी, थकवा, कशातच रस न वाटणे हे मुख्य. आघातानंतरच्या मानसिक विकारात तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो, दचकून जाग येते, दवाखान्याच्या वासानेही छातीत धडधडते आणि पुन्हा गरोदर राहण्याची कल्पनाही नको वाटते. वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांनुसार, सर्वसाधारणपणे सुमारे चार टक्के बाळंतिणींना हा त्रास होतो. गुंतागुंत झालेल्या किंवा अन्य कारणाने जास्त जोखमीच्या गटांत तो अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. तो केवळ जखमेच्या आकारावर अवलंबून नसतो. त्या वेळी आपल्याला काय चालले आहे हे सांगितले गेले का, आपले ऐकले गेले का, सोबत कोणी होते का, यांवरही तो ठरतो.

उपचार आहेत. आघातावर केंद्रित समुपदेशन आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणींची धार कमी करणारी पद्धत, हे दोन मार्ग ब्रिटनमधील मार्गदर्शिकेत सुचवले आहेत. त्याच मार्गदर्शिकेचा एक इशाराही आहे : एकाच बैठकीत बाईला सगळा प्रसंग पुन्हा जगायला लावणे टाळावे. ‘एकदाचे रडून घे, मोकळी होशील’ हा घरगुती सल्ला म्हणूनच नेहमी उपयोगी पडत नाही. ‘बाळ चांगले आहे ना, मग विसर आता’ हे वाक्य त्याहून जास्त बोचते, कारण त्यामुळे बाई बोलणेच बंद करते. प्रसूतिगृहात हजर असलेल्या पतीलाही असा आघात बसू शकतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

मोजले जाते तेच दिसते

भारताने या क्षेत्रात मिळवलेले यश लहान नाही. २००५-०६मध्ये दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण ३८.७ टक्के होते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते ८८.६ टक्क्यांवर पोहोचले, महाराष्ट्रात तर ९४.७ टक्क्यांवर. मातामृत्यूंचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे २०१४-१६मधील १३०वरून २०१८-२०मध्ये ९७वर आले. महाराष्ट्रात ते ३३ होते. पण हे सगळे आकडे दोनच प्रश्नांची उत्तरे देतात : प्रसूती कुठे झाली आणि आई वाचली का? वाचलेल्या आईचे पुढे काय झाले, याची नोंद नेमाने ठेवली जात नाही.

जगातही फार वेगळे चित्र नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, दरवर्षी किमान चार कोटी महिलांना बाळंतपणातून उद्भवलेली दीर्घकाळची तक्रार जडते. ३५ टक्के बायकांना शरीरसंबंधांच्या वेळी वेदना होतात, ३२ टक्क्यांना कंबरदुखी असते, तर १९ टक्क्यांना वायू किंवा शौच रोखणे अवघड जाते. यातील बरीच माहिती श्रीमंत देशांतली आहे. इतरत्र मोजमापच अपुरे आहे.

महाराष्ट्राला मात्र हा धडा फार पूर्वी मिळाला होता. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या केवळ आठ टक्के. पुढे तिथल्याच गावांत घरी बाळंत झालेल्या ७७२ बायकांची पाहणी झाली, तेव्हा ५२.६ टक्के बायकांना बाळंतपणात किंवा नंतर काही ना काही आजार झाल्याचे दिसले. दारोदार जाऊन विचारल्यामुळेच हे कळले.

विचारणारे कोणी हवे

काही जखमा टाळता येतात. डोके बाहेर येताना हाताने आधार देणे, कळा संथपणे द्यायला सांगणे आणि नंतर नेमाने तपासणी करणे, असा एकत्रित कार्यक्रम ब्रिटनमधील १६ प्रसूती विभागांत राबवला गेला आणि गंभीर जखमांचा धोका कमी झाला. उलट, पोटावर जोराने दाब देऊन बाळ बाहेर ढकलणे आणि प्रत्येक पहिलटकरणीला सरसकट छेद देणे, या दोन्ही गोष्टी करू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये सांगितले आहे. प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारणारा केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणि प्रसूतीवेळी सोबतीण ठेवू देण्याचे धोरण आहेच. त्यांत जखमेची नोंद आणि स्नायूची तपासणी सक्तीची झाली, तर मोठा फरक पडेल.

नंतरच्या काळासाठी तर यंत्रणा नव्याने उभारायचीही गरज नाही. आशा सेविका बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. नवजात बाळाच्या घरगुती काळजीचा हा कार्यक्रम गडचिरोलीतल्याच प्रयोगातून देशभर गेला. त्यात आईसाठीही काही प्रश्न आहेत, पण ते रक्तस्राव, ताप अशा जिवावरच्या धोक्यांचे. त्यांत तीन प्रश्नांची भर घालता येईल : लघवी किंवा शौच गळते का? टाक्यांच्या जागी किंवा बसताना दुखते का? बाळंतपणाची आठवण छळते का? अर्थात उत्तर ‘हो’ आले तर पाठवायचे कुठे, हेही ठरलेले हवे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक एकत्र भेटले, तरी सुरुवात होईल.

कुटुंबांनाही काही खुणा माहीत असायला हव्यात. ताप, जखमेतून दुर्गंधीयुक्त स्राव, टाके उसवणे, लघवी सतत झिरपणे किंवा योनीमार्गातून शौच अथवा वायू येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मन सावरत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. बाईच्या मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटे न सोडता लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची आपली रीत चांगली आहे. माहेर, मालिश, शेक आणि गरम जेवण यांची जोड असलेला हा काळ कित्येक देशांतल्या बायकांना मिळत नाही. त्या सव्वा महिन्यात बाळाला बघायला येणाऱ्यांपैकी एखाद्या मावशीने किंवा आत्याने दार लोटून बाळंतिणीला ‘तुला कसं वाटतंय, कुठे दुखतंय का?’ असे विचारले आणि उत्तर ऐकून घेतले, तर अनेक जखमांवर वर्षे वाया न जाता उपचार सुरू होतील.