धोका पदार्थात शोधा, पत्त्यात नको

घरी केलेले पदार्थ विकण्याबद्दल आपल्याकडे दोन मतं मोठ्या आवाजात मांडली जातात. पहिलं मत दुकानदारांचं, विशेषतः बेकरी आणि मिठाईवाल्यांचं. आम्ही गाळ्याचं भाडं भरतो, पालिकेचे परवाने काढतो, महागडा व्यावसायिक सिलिंडर लावतो, कामगारांच्या वैद्यकीय तपासण्या करतो. आणि समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुणी बाई स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये केक भाजून आमच्यापेक्षा स्वस्तात विकते. हे बंद करा. दुसरं मत घरून विकणाऱ्यांचं आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचं. घरचं अन्न ते, त्याला कसला परवाना? आईच्या हातच्या लाडवावर सरकारी शिक्का मारायचा का? मला ही दोन्ही मतं मान्य नाहीत. अन्न कुठे तयार झालं एवढंच दोघं विचारतात. ते अन्न कोणतं आहे, किती तास टिकेल, कुणाच्या पोटात जाणार आहे, हे कुणीच विचारत नाही.

दुकानदारांचं म्हणणं आधी घेऊ. घर ही धंद्याची जागा नव्हे, असा त्याचा पाया आहे. मुंबईचा इतिहास नेमकं उलटं सांगतो. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार जेवत कुठे होते? चाळीतल्या एका खोलीत खानावळ चालवणाऱ्या बायांकडे, महिन्याच्या बोलीवर. त्याच खोलीत संसार, त्याच खोलीत चूल, आणि पाळीप्रमाणे येणारी माणसं. गिरणगाव पिढ्यान् पिढ्या या चुलींवर जगलं. बँकेच्या लेखी मात्र या बायांचा धंदा धंदाच नव्हता. तारण नाही, कागद नाही, म्हणून सावकार आणि उधारीचा वाणी यांच्याखेरीज त्यांना वाली नव्हता. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळण्याची वाट उघडली. बाया आधीपासूनच कामाच्या होत्या. मंडळाने त्यांच्या कामाला नाव आणि कागद दिला. घरातली चूल बाजारासाठी पेटते हे ज्यांना आज नवीन वाटतं, त्यांनी लालबाग-परळच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ती आजची लिज्जत. एवढ्या मोठ्या संस्थेचा पापड आजही सभासद बहिणींच्या घरीच लाटला जातो. पीठ मात्र घरी मळलं जात नाही. उडदाचं पीठ, हिंग, मिरी, पापडखार हे सगळं शाखेत ठरलेल्या प्रमाणात मळून तयार होतं. बहिणी ते मळलेलं पीठ घेऊन जातात, घरी लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. तिथे ते तपासले जातात, वजन होतं आणि वणाई मिळते. घर स्वच्छ आहे का, लाटायला-वाळवायला पुरेशी जागा आहे का, हेही बघितलं जातं. घरगुती अन्नाचं नियमन कसं असावं याचा इतका चांगला धडा दुसऱ्या कुठल्या कायद्याच्या पुस्तकात मला सापडलेला नाही. दर्जा जिथे बिघडू शकतो त्या जागा, म्हणजे कच्चा माल आणि शेवटची तपासणी, सामायिक ठेवल्या. जे काम घरात बिनधोक होतं ते घरात राहू दिलं. आणि पदार्थ निवडला तो कोरडा, ज्यात पाण्याअभावी जंतू वाढत नाहीत.

दुकानदारांच्या युक्तिवादात आणखी एक गृहीत आहे, ते असं की गाळा आणि परवाना असला म्हणजे अन्न सुरक्षित. २०१६ साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्लीत विकल्या जाणाऱ्या ब्रेड-पावाचे नमुने तपासले, तेव्हा बहुतेकांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश सापडले. त्यानंतर ब्रोमेटवर देशात बंदी आली. त्यातला बराचसा माल बाजारातल्या नावाजलेल्या कंपन्यांचा होता आणि तोवर ब्रोमेट वापरणं कायदेशीरच होतं. २०२४ मध्ये कर्नाटकच्या अन्न सुरक्षा विभागाने बंगळुरूच्या बेकऱ्यांतले केकचे २३५ नमुने तपासले. त्यातल्या १२ नमुन्यांत कृत्रिम रंग धोक्याच्या प्रमाणात आढळले. यावरून घरचा केक चांगला ठरत नाही, कारण तीच रंगाची बाटली घरीही येते. गाळ्याचं भाडं भरल्याने अन्न शुद्ध होत नाही, एवढंच यावरून ठरतं.

मात्र दुकानदारांची एक तक्रार रास्त आहे आणि ती झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरायला बंदी आहे. दुकानदाराला १९ किलोचाच घ्यावा लागतो. अनेक घरगुती धंदे घरगुती सिलिंडरवरच चालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण यावर उपाय म्हणून घरावर धाड घालण्याची गरज नाही. महावितरणच्या दरपत्रकाने हा प्रश्न विजेपुरता केव्हाच सोडवला आहे. घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटच्या आणि आधीच्या वर्षभरात ३,६०० युनिटच्या आत असेल, तर त्याला घरगुतीच दर लागतो. मर्यादा ओलांडली की व्यावसायिक दर. गॅसलाही अशीच मर्यादा आखता येईल. कुणी म्हणेल, अनुदानाचा पैसा धंद्याला कशाला? मग धंद्याची नोंदणी केलेल्या घराला अनुदानाशिवायचा सिलिंडर उघडपणे द्या. आज त्या बाईला लपवाछपवी करावी लागते, आणि जी गॅस लपवते ती पुढे पदार्थाचीही माहिती लपवते.

आता दुसरी बाजू. ‘घरचं ते शुद्धच’ हे मत मला दुकानदारांच्या मतापेक्षा जास्त काळजीत टाकतं, कारण ते मायेतून येतं आणि म्हणून कुणी तपासत नाही. घरचं अन्न सुरक्षित असतं याचं खरं कारण माया नाही, वेळ आहे. पोळी तव्यावरून ताटात येते. आमटी दोन तासांत संपते. उरलेलं रात्री पुन्हा उकळतं. तोच पदार्थ विकायला निघाला की करणं आणि खाणं यांच्यात अंतर पडतं. पहाटे केलेला केक दुपारी डब्यात जातो, मे महिन्याच्या उन्हात दुचाकीवरून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो, रात्री कापला जातो आणि उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्यात जातो. पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. आपल्या शहरातली दुपार नेमकी या पट्ट्यात बसते. हातावरच्या साध्या जखमेतून अन्नात जाणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू जे विष तयार करतो, ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्याला वास नसतो, चव नसते. त्यामुळे ‘मी स्वतः चाखून बघते’ हे उत्तर इथे पुरत नाही.

लोणची, चटण्या, हवाबंद बाटल्यांतले पदार्थ यांची गोष्ट आणखी वेगळी. कैरीचं लोणचं आंबट आणि खारट असतं, ते टिकतं. पण तेलात बुडवलेला लसूण, बाटलीत बंद केलेले मशरूम, व्हिनेगर कमी पडलेलं कोळंबीचं लोणचं यांत आम्लता पुरेशी नसेल, म्हणजे पीएच ४.६ च्या वर असेल, तर बोटुलिझम या विषबाधेचे जंतू हवेविनाच वाढू शकतात. असं लोणचं व्हॉट्सॲपवर ‘आजीची पद्धत’ म्हणून विकलं जातं. आजी ते घरच्यांपुरतं करायची आणि चार दिवसांत संपवायची. सहा महिन्यांच्या टिकाऊपणाची हमी तिने कधी दिली नव्हती.

‘पण बाई ओळखीची आहे’ असंही म्हणतात. पहिली दहा गिऱ्हाइकं ओळखीची असतात, हे खरं. संदेश पुढे पाठवला जातो, पाचव्या गटात पोहोचतो, आणि तिथल्या माणसाला तिचं नावही माहीत नसतं. त्याच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर चिवड्यात काय आहे हे त्याने कुणाला विचारायचं? ओळख जिथे संपते तिथे लेबल सुरू व्हायला हवं.

मग कायदा काय म्हणतो? अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, त्याखालचे नोंदणी-परवान्याचे नियम २०११ चे. या नियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांची रेषा आखली. तिच्या आतल्या लहान उत्पादकाला परवान्याची गरज नाही, फक्त नोंदणी. शुल्क वर्षाला १०० रुपये. सात दिवसांत नोंदणी दिली नाही, नाकारली नाही, तपासणीचा आदेशही काढला नाही, तर धंदा सुरू करायला मोकळीक. घरगुती उद्योगाच्या नावाने ‘परवाना राज आलं’ अशी ओरड करणाऱ्यांनी हे नियम एकदा वाचावेत. नोंदणीला घाबरण्यासारखं त्यात काही नाही. अडचण अर्ज भरून देणाऱ्या मध्यस्थांची आहे, जे शंभर रुपयांच्या कामाचे त्याच्या कितीतरी पट घेतात.

माझा आक्षेप वेगळा आहे. नोंदणी की परवाना हे या नियमांत उलाढालीवर ठरतं. त्यामुळे भाजणीची चकली करणारी आणि ताज्या क्रीमचा केक करणारी एकाच खणात बसतात. चकलीवालीला केकवालीइतकंच बंधन आणि केकवालीला चकलीवालीइतकीच मोकळीक, हे दोघींवर आणि खाणाऱ्यांवर अन्याय करणारं आहे. रेषा पदार्थाच्या जोखमीवर आखली पाहिजे. चकली, शेव, लाडू, नानकटाई, खारी, मसाले, पापड अशा कोरड्या पदार्थांना नोंदणी आणि लेबल एवढं पुरे. वर तळणाच्या तेलाची एक अट, कारण तेल पुन्हा पुन्हा तापवण्यावर २०१८ पासून मर्यादा आहे आणि फराळाच्या हंगामात एकच कढई दिवसभर चालते. क्रीम, खवा, पनीर, अंडं, मांस-मासे असलेल्या पदार्थांना वेगळा फ्रिज, पोहोचवण्यासाठी थंड पेटी आणि एका दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण हवं. हवाबंद बाटलीतल्या पदार्थाला विक्रीआधी प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, घरी भाजलेले पदार्थ विकायला २०२१ पर्यंत मनाई होती. तिथली बंदी उठली ती याच तत्त्वावर. ज्यांना फ्रिज लागत नाही असे पदार्थ, वर्षाला ५० हजार डॉलरची मर्यादा, आणि करणाऱ्याला अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र.

तपासणीचं काय? नियमाप्रमाणे नोंदणी झालेल्या प्रत्येक जागेची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हायला हवी. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांची संख्या पाहता, हजारो स्वयंपाकघरांत जाणं त्यांना शक्य नाही. म्हणून त्यांनी आधी त्या दुकानांत जावं जिथून या स्वयंपाकघरांचा कच्चा माल येतो. केकचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत कोको पावडर, रंग, प्रीमिक्स मोठ्या पोत्यांतून काढून साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत विकतात. पिशवीवर ना नाव, ना तारीख, ना घटक. घरची बेकर मनापासून काम करत असली तरी अशा पिशवीतून काय घालते आहे हे तिलाच ठाऊक नसतं. एक दुकान सुधारलं तर त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी स्वयंपाकघरं सुधारतात. घरांच्या तपासणीचं काम बचत गटांच्या संघांकडे आणि प्रशिक्षित महिला मंडळांकडे देता येईल. लिज्जतने हे करून दाखवलं आहे.

लेबलबाबत एक गोष्ट कुणी बोलत नाही. नियमाने पाकिटावर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता छापावा लागतो. कारखान्याला त्यात काही अडचण नाही. पण एकटी राहणारी, किंवा दिवसा घरात एकटी असणारी बाई आपला घरचा पत्ता अनोळखी हातांत जाणाऱ्या शेकडो पाकिटांवर छापते, तेव्हा ती काय पणाला लावते याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. अनेकजणी नोंदणी टाळतात त्यामागे ही भीतीही आहे. चौदा अंकी नोंदणी क्रमांक पाकिटावर पुरेसा आहे. पत्ता नोंदणी करणाऱ्या खात्याकडे असतोच. तक्रार आली तर खातं तो शोधू शकतं. हा बदल करायला पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो दुसरीकडे. केंद्र सरकारने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी १० हजार कोटींची योजना आणली. त्यात प्रकल्पाच्या पात्र खर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवलं. एका ओव्हनवर काम करणाऱ्या बाईला दहा लाखांचं यंत्र नको असतं. तिचं लोणचं किती महिने टिकतं, तिच्या चटणीचा पीएच किती, हे सांगणारी चाचणी तिला परवडत नाही, आणि तालुक्याच्या गावी ती करून देणारी प्रयोगशाळा जवळ नसते. अनेक जिल्ह्यांत कृषी किंवा गृहविज्ञान महाविद्यालयं आहेत. त्यांच्या प्रयोगशाळांत नोंदणीधारक बायकांना नाममात्र शुल्कात वर्षाला ठरावीक नमुने तपासून द्यावेत, आणि त्याचा खर्च अशाच योजनेतून करावा.